ग्लोव्हबाहेरचं बोट

इसाओ कुरामोचीला आपल्यावर कोणी हसलेलं खपत नसे. पण त्या रविवारी सगळ्यांत मोठ्यानं तोच हसत होता. नोव्हेंबरातला चाहत्यांचा दिवस होता. हंगाम संपला की वर्षातून एकदा ओकायामाच्या ‘घारी’ संघाचे खेळाडू मैदानावर प्रेक्षकांसाठी नाचतात, बायकी कपडे घालतात, एकमेकांच्या नकला करतात, आणि वर्षभर कपाळाला आठ्या घालून वावरणारे मॅनेजरसुद्धा त्या दिवशी डोक्यावर सशाचे कान लावून हिंडतात. यंदा शेवटची नक्कल कुरामोचीची होती, कारण एक्कावन्नाव्या वर्षी तो आज निवृत्त होत होता.

निवृत्त म्हणजे पिचर म्हणून नव्हे. पिचर म्हणून त्याला याच संघानं चोवीस वर्षांपूर्वी नारळ दिला होता. नऊ हंगाम, एकतीस विजय, चव्वेचाळीस पराभव. मग एका ऑक्टोबरात कचेरीत बोलावून चहा पाजला आणि पुढच्या वर्षी तुमचा विचार नाही म्हणून सांगितलं. त्याच बैठकीत विचारलं, सरावाचा पिचर व्हाल का? म्हणजे आपल्याच बॅटरांना रोज शंभर-सव्वाशे चेंडू टाकायचे, आणि ते त्यांनी बदडायचे. चांगला सरावाचा पिचर कोण? ज्याचा चेंडू छान मारता येतो तो. कालपर्यंत ज्या गोष्टीसाठी शिव्या खायच्या, त्याच गोष्टीसाठी उद्यापासून पगार घ्यायचा. कुरामोचीनं हो म्हटलं, आणि काम इतकं चोख केलं की मोठमोठे बॅटर ‘कुरासानच हवेत’ म्हणून अडून बसत. त्याचा फोर्क अजून पडत होता, हे त्याचं वैशिष्ट्य. सरळ येता येता बॅटरच्या पुढ्यात धपकन खाली जाणारा तो चेंडू या वयात टाकणारे सरावाचे पिचर अख्ख्या देशात चार-पाच असतील.

नक्कल करायला आला रेन अकिझुकी, संघाचा तिसऱ्या क्रमांकाचा बॅटर, चोवीस वर्षांचं हाडाचं वात्रट पोर. त्यानं शर्टाखाली दोन टॉवेल कोंबून पोट केलं होतं आणि पाठीवर कुरामोचीचा १०४ नंबर लावला होता. कंबर धरून, कण्हत कण्हत तो पिचरच्या उंचवट्यावर चढला, टोपी तीनदा ओढली, नाक पुसलं. हुबेहूब! प्रेक्षक लोटपोट झाले. कुरामोची खुर्चीत बसल्या बसल्या मांडीवर थापा मारत होता.

मग अकिझुकीनं चेंडू ग्लोव्हमध्ये लपवला. उजव्या हाताच्या पिचरचा ग्लोव्ह डाव्या हातात असतो, आणि त्या हाताची तर्जनी पुष्कळ जण पाठीमागच्या भोकातून बाहेर काढून ठेवतात. अकिझुकीची तीच बाहेरची तर्जनी ग्लोव्हवरून हळूच उठली. ताठ उभी राहिली. समोर बॅट धरून उभा असलेला दुसरा खेळाडू ओरडला, “फोर्क आला रे, फोर्क!” आणि त्यानं बॅट अशी फिरवली की स्वतःच गिरकी घेऊन पडला.

खेळाडूंच्या बाकांवर हास्याचा स्फोट झाला. प्रेक्षकांना फारसं कळलं नाही, तेही सोबतीनं हसले. पुन्हा चेंडू लपवला, पुन्हा बोट उठलं, पुन्हा “फोर्क!” तीनदा झालं. कुरामोचीही हसत होता, पण आता हसू नुसतं तोंडावर होतं.

फुलांचा गुच्छ झाला, भाषण झालं, सगळ्यांनी मिळून त्याला तीनदा हवेत उडवलं. जमिनीवर पाय टेकताच त्यानं अकिझुकीचा दंड धरला.

“ते बोटाचं काय होतं रे?”

“आवडलं ना कुरासान? आठवडाभर आरशासमोर घासलंय!”

“बोट का उचललंस ते विचारतोय.”

अकिझुकी खिदळला. “तुम्ही उचलता म्हणून! फोर्क टाकायचा असला की उचलता. सरळ चेंडूला नाही.” मग कुरामोचीचा चेहरा बघून त्याचं खिदळणं बंद पडलं. “म्हणजे... कुरासान, तुम्ही मुद्दाम नव्हता करत?”

“मुद्दाम?”

“आम्हाला वाटायचं तुम्ही सांगताय. की बाबा, आता फोर्क येतोय, तयार राहा. मी नवीन आलो तेव्हा मोठ्यांनी पहिल्याच दिवशी शिकवलं होतं, कुरासान फार मायाळू माणूस आहे, बोटानं खूण करतो, पण त्याबद्दल बोलायचं नाही, त्याला लाज वाटते म्हणून.” पोराचा आवाज उतरत गेला. “आम्ही सगळे... प्रत्येक फोर्कनंतर टोपीला हात लावायचो ना, ते त्याबद्दल आभार म्हणून.”

कुरामोचीला वाटायचं, पोरं संस्कारी आहेत.

चोवीस वर्षं तो रोज बोट उचलत होता आणि तीन पिढ्यांचे बॅटर त्याला मायाळू समजत होते. इतकंच असतं तर घरी जाऊन हसलाही असता, पण डोक्यात भलताच प्रश्न शिरला होता. हे बोट सरावाचा पिचर झाल्यावर उठायला लागलं, की आधीपासून उठत होतं? खेळत होतो तेव्हाही? सगळ्या विरोधी संघांच्या डोळ्यांदेखत?

कारण आपल्या कारकिर्दीबद्दल कुरामोचीची एकच गोष्ट ठरलेली होती. कोणी विचारलं की तो खांद्यावर हात ठेवून सांगे, “यानं दगा दिला.” शेवटच्या हंगामातली सप्टेंबरातली मॅच. समोर नीगाताचा संघ. शेवटचा डाव, दोन बाद, एका धावेची आघाडी, एक गडी बेसवर, आणि बॅट घेऊन हिराबायाशी. खांदा थकला, फोर्क पडायचा तसा पडला नाही, हिराबायाशीनं तो डाव्या बाजूच्या प्रेक्षकांत फेकून दिला. होमरन, म्हणजे एकदम दोन धावा. खेळ खलास, आणि महिन्याभरात कारकीर्दही. खांदा थकणं यात कुणाचा दोष नसतो. म्हणून तर चोवीस वर्षं त्याला शांत झोप लागत होती.

नागामिने स्टेडियमच्या खालच्या मजल्यावर सामानाच्या खोलीत बॅटी मोजत होता. तो त्या काळचा त्याचा कॅचर, बॅटरच्या मागे बसून पुढचा चेंडू कुठला टाकायचा याची पिचरला खूण करणारा. दोन वर्षांनी मोठा, आता संघाचं सामानसुमान सांभाळायचा.

“नागामिनेसान, मी खेळायचो तेव्हा फोर्कच्या आधी माझं बोट उठायचं का?”

नागामिनेनं हातातली बॅट खाली ठेवली. नाही म्हणायला माणसाला इतका वेळ लागत नाही.

“शेवटच्या वर्षी,” तो म्हणाला. “मे महिन्यात माझ्या लक्षात आलं. आधी असेल-नसेल, माहीत नाही. मी लगेच कोचना सांगितलं, खरंच सांगितलं. ते म्हणाले, कुराला बोलू नका. हळवा आहे. एकदा बोटाकडे लक्ष गेलं तर हातातून चेंडूच सुटायचा नाही त्याच्या. हिवाळ्याच्या सरावात बघू, म्हणाले.”

“हिवाळ्यात मी होतो कुठं!”

“हो ना. मग राहूनच गेलं.”

“राहून गेलं?” कुरामोचीला आपलाच आवाज ओळखू येईना. “हिराबायाशीला फोर्क टाक अशी खूण मला कोणी दिली? तू दिलीस! तुला माहीत होतं, तरी तू फोर्क मागितलास?”

तेहतीस वर्षांत त्याच्या तोंडून नागामिनेला पहिल्यांदा ‘तू’ गेलं होतं. दोघांनाही ते ऐकू आलं. नागामिनेनं ते गिळलं.

“मला वाटलं, नीगातावाल्यांना माहीत नसेल,” तो म्हणाला. “तुझ्याकडे तेवढाच एक चेंडू होता कुरा. दुसरं काय मागणार होतो मी?”

खांदा नव्हता तर. कुरामोची सायकलीच्या पुढच्या टोपलीत फुलांचा गुच्छ आडवा टाकून निघाला आणि सिग्नल लागलेला असताना रस्ता ओलांडला. ट्रामवाल्यानं करकचून घंटा मारली तेव्हा त्याला कळलं. चव्वेचाळीस पराभव एकेक करून डोळ्यांपुढून जात होते, आणि प्रत्येकात समोरच्या बाकावर बसलेली माणसं त्याच्या डाव्या हाताकडे बघत होती. कोचला माहीत, कॅचरला माहीत, नीगाताला माहीत, काल आलेल्या शेंबड्या पोरांना माहीत. आपण सोडून सगळ्या दुनियेला माहीत! भर रस्त्यात कोणी कपडे उतरवावेत आणि ते आपल्याला चोवीस वर्षांनी कळावं, तसं त्याला झालं.

नदीवरचा पूल चढताना मात्र त्याला जरा धीर आला. एक माणूस होतं ज्याला माहीत नव्हतं. फुमिए, त्याची बायको. तिला बेसबॉलमधलं ओ की ठो कळत नव्हतं. लोकांच्या बायका मॅचनंतर नवऱ्याचं डोकं खातात, फुमिएनं सत्तावीस वर्षांत घरात मैदानाचं नावही काढलं नव्हतं. एकदा एका क्रीडापत्रवाल्यानं यशाचं रहस्य विचारलं तेव्हा कुरामोची म्हणाला होता, “माझ्या बायकोला बेसबॉल कळत नाही, हाच माझा मोठा आधार.” ते छापूनही आलं होतं. आज त्याला त्या आधाराची कधी नव्हे इतकी गरज होती. तिला सगळं सांगायचं, ती म्हणेल, कसलं बोट? आणि मग निदान या एका घरात तरी आपण पूर्वीचेच राहू.

फुमिए स्वयंपाकघरात मुळ्याच्या चकत्या आणि अंडी घालून ओदेन शिजवत होती. तिनं गुच्छ घेतला, बादलीत ठेवला. “दमलात?” म्हणाली आणि त्याच्यापुढे भाताची वाटी ठेवली.

“फुमिए, आज एक गोष्ट झाली,” तो म्हणाला. “मैदानावरची आहे. पण सांगतो.”

तिच्या हातातला डाव थांबला. घरात हा शब्द कधी येत नसे.

त्यानं सांगितलं. अकिझुकीची नक्कल, आभाराच्या टोप्या, नागामिने, हिराबायाशी. सांगताना तिला समजावं म्हणून मध्ये मध्ये सोपं करत होता. फोर्क म्हणजे काय, बेस म्हणजे काय. ती पाठमोरी उभी राहून ऐकत होती. सगळं सांगून झालं आणि तो तिच्या ‘कसलं बोट?’ची वाट बघत बसला.

फुमिएनं गॅस बंद केला.

“म्हणजे शेवटी कुणीतरी सांगितलं तुम्हाला,” ती म्हणाली.

कुरामोचीला एकदम काहीच ऐकू येईनासं झालं. तिचे ओठ हलताना दिसत होते.

“काय म्हणालीस?”

“बोटाचं. मला लग्नाआधीपासून माहीत आहे. आमच्या घरी पहिल्यांदा बघायला आलात, आईनं आंबवलेला बांगडा वाढला, तुम्ही म्हणालात फार छान झालाय, आणि वाटीवरचं हे बोट उठलं. मनात एक आणि बाहेर एक असलं की उठतं तुमचं. तुमच्या आईचं ऑपरेशन होतं तेव्हा मला ‘काळजी करू नकोस’ म्हणालात, तेव्हाही उठलं होतं. लग्नानंतर टीव्हीवर बघितलं तर फोर्कच्या आधी तेच. तिसऱ्या मॅचलाच दिसलं मला.”

“तुला? तुला फोर्क कसा ओळखू येतो?”

“अहो, माझा भाऊ सात वर्षं शाळेच्या संघात होता. त्याच्या मॅचचा हिशेब कोण लिहीत होतं? प्रत्येक चेंडू कुठं पडला, कसा पडला? मीच ना! तुम्ही कधी विचारलंत?”

त्यानं कधी विचारलं नव्हतं. तो उठला. खुर्ची मागे पडली.

“मग बोलली का नाहीस? एक शब्द! नुसता एक शब्द बोलली असतीस तर मी... एका शब्दानं माझं आयुष्य...”

“बोलले होते!” फुमिएचा आवाज चढला. असा चढलेला आवाज कुरामोचीनं या घरात पहिल्यांदा ऐकला. “लग्नाच्या दुसऱ्या वर्षी. एप्रिलमध्ये. तुम्ही इथंच जेवत होता, दुपारची मॅच होती. मी म्हटलं, अहो, ते तुमचं बोट... एवढंच झालं बोलून, तर तुम्ही वाटी आपटलीत. भात सगळा चटईवर. मैदानातलं मैदानात, म्हणालात. पुन्हा या घरात बेसबॉलचा शब्द काढलास तर बघ, म्हणालात. मी भात गोळा करत होते आणि तुम्ही बूट घालून निघूनही गेलात.”

“मला नाही आठवत.”

“तुम्हाला कशाला आठवेल? त्या दिवशी तुम्ही जिंकून आलात. समोरच्यांना एक धाव करू दिली नाहीत. दारातूनच ओरडलात, बघितलंस, तू गप्प बसलीस म्हणून!”

ती मॅच त्याला आठवत होती. आयुष्यातली सगळ्यांत चांगली मॅच. तो वाऱ्याचा दिवस होता, फोर्क पडत नव्हता म्हणून त्यानं जवळजवळ टाकलाच नव्हता, सगळे चेंडू सरळ टाकले होते. आत्ता, या क्षणी, इतक्या वर्षांनी त्याला कळलं की बोट उठायला त्या दिवशी कारणच नव्हतं. आणि तो जिंकला म्हणून बायकोच्या गप्प राहण्याला शुभ मानून बसला होता.

“मग तुम्ही पेपरात छापून आणलंत,” फुमिए म्हणाली. ती आता डोळे पुसत होती, पण रागानं. “माझ्या बायकोला काही कळत नाही. सगळ्या खेळाडूंच्या बायका मला शाबासकी द्यायला लागल्या. मग मी काय करायचं? चारचौघांत मीच विचारायचे, स्ट्राइक म्हणजे काय हो? सगळे हसायचे. तुम्ही पण हसायचात, किती खूश असायचात! आणि घरी येऊन मी टीव्हीसमोर बसायचे, बोट उठायचं, आणि मला आधीच कळायचं की हा आता मार खाणार. डोळे मिटून घ्यायचे मी अहो. तीन हंगाम डोळे मिटून तुमच्या मॅच बघितल्या.”

कुरामोचीनं खुर्ची उचलली आणि तिच्यावर बसला. खांदा नव्हता, नागामिने नव्हता, कोच नव्हता. त्या सगळ्यांनी शेवटच्या वर्षी लपवलं. पण त्याच्या दोन वर्षं आधी, याच टेबलावर, चार शब्द त्याच्यापर्यंत आले होते आणि पाचवा त्यानं येऊ दिला नव्हता. ज्याच्यावर ओरडावं असं कोणी उरलंच नव्हतं.

ओदेनवरची वाफ कमी होत गेली. मग त्यानं विचारलं, आणि विचारताना त्याला स्वतःचीच भीती वाटली.

“हिराबायाशीला मी काय टाकायला हवं होतं?”

फुमिएला विचार करावा लागला नाही.

“आत. छातीपाशी, सरळ. त्याआधीच्या दोन्ही चेंडूंवर त्याचा पुढचा पाय लवकर उघडला होता, खालच्या चेंडूची वाटच बघत होता तो. वरचा चेंडू त्याला खेळताच आला नसता. नागामिनेसाननी फोर्क मागितला तेव्हा तुम्ही मान हलवून नाही म्हणायला हवं होतं. मी टीव्हीपुढे उभी राहून ओरडले, नाही म्हणा, नाही म्हणा! खालच्या मजल्यावरच्या बाई पळत वर आल्या, त्यांना वाटलं घरात चोर शिरला.”

पुढच्या पायाचं ते उत्तर बरोबर होतं. सरावाला हजारो बॅटरांना चेंडू टाकून टाकून, त्यांचे पाय बघून बघून, हे त्याला कळायला दहा वर्षं लागली होती. तिला ते त्याच संध्याकाळी, हातात भांडं पुसायचं फडकं घेऊन कळलं होतं. संघानं आजवर सतरा कोच नेमले. यातलं अर्धंही सांगणारा त्यांतला एकही नव्हता.

“आणखी काय काय दिसलं होतं तुला?” त्यानं विचारलं.

“आता काय उपयोग त्याचा?”

“काही नाही. तरी सांग.”

“जेवण निवतंय.”

“निवू दे. पहिल्या मॅचपासून सांग.”

फुमिएनं पदराशी चाळा करावा तसा एप्रनचा बंद बोटाला गुंडाळला, सोडला. मग समोर बसली. “पहिल्या मॅचला तुम्ही फार घाई करत होता,” ती म्हणाली. “दोन चेंडूंच्या मध्ये श्वासच घेत नव्हता. सहावा डाव बघा...” आणि ती बोलायला लागली. आधी अडखळत, मग भराभर, हातानं टेबलावर बेस दाखवत, चमच्यांचे खेळाडू करत. तिचा चेहरा असा उजळलेला त्यानं लग्नाच्या दिवशीही पाहिला नव्हता. तो ऐकत होता आणि त्याच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं, ते हरलेल्या चव्वेचाळीस मॅचचं नव्हतं. त्याचा खेळ सगळ्यांत जास्त कळणारं माणूस सत्तावीस वर्षं रोज त्याच्यासमोर जेवायला बसलं होतं, आणि त्यानं तिच्याकडे नुसता भात मागितला होता.